विरजणासाठी लस थांबवायची का?

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका असं बजावलंय, म्हणून मजकूर थोडक्यात माझ्या शब्दांत देते.

घरात सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात, वय ७४, मधुमेह जुना. सासूबाई ६९, पावसाळ्यात दमा उचल खातो. गेल्या श्रावणात कानबाईला, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाला, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना नानांना फ्लू झाला, त्यातून न्यूमोनिया झाला आणि जळगावला आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. यंदा डॉक्टरांनी सांगितलंय, पावसाळा अंगावर येण्याआधी फ्लूची लस घेऊन टाका. तेवढ्यात पुण्याच्या दिरांनी मोबाईलवर मजकूर धाडला की प्रोबायोटिक्स, म्हणजे पोटासाठी गिळायचे जिवंत जिवाणू, घेतली तर लस जास्त चांगली लागू पडते. औषधाच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, ‘आधी महिनाभर पोट तयार करा, मग लस घ्या.’ कॅप्सूलचा तीन महिन्यांचा कोर्स, साडेचार हजार रुपये. सासूबाई म्हणतात, घरचं दही-ताक रोज खातोच की, वेगळं काय त्यात? शिवाय मागे एकदा लस घेतल्यावर त्यांना सर्दीच झाली होती. नानांचं एकच पालुपद, ‘माले काय व्हस?’ नवरा म्हणतो, तू ठरव. ताईंनी विचारलंय, कॅप्सूल घ्यावी का, दही पुरेल का, आणि लस महिनाभर पुढे ढकलावी का? शेवटी एक ओळ आहे: ‘काही चुकलं तर बोल मलाच लागणार, हे धरूनच चालले आहे.’

ताई,

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची उत्तरं आठ दिवसांनी वाचली तरी चालतील, हे चालणार नाही. लस पुढे ढकलू नका. दह्यासाठी नाही, कॅप्सूलसाठी नाही, पोट तयार करण्यासाठी तर नाहीच.

मी डॉक्टर नाही, हे स्पष्ट सांगते. आयुष्यभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. नानांची फाईल ज्या डॉक्टरांनी पाहिली आहे, त्यांचा शब्द माझ्या शब्दाच्या वर. पण दही आणि जंतू हा माझा रोजचा विषय होता, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी साधा हिशेब. मृग लागून आठवडा झाला. आज कॅप्सूल सुरू करून महिनाभर थांबलात, तर लस जुलैच्या मध्यावर. लस टोचल्याबरोबर काम करत नाही, अंगात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला ओळखून अडवणारी प्रथिनं, तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे जुलैअखेर उजाडला. आपल्याकडे फ्लूची एक लाट जानेवारी ते मार्चमध्ये असते आणि दुसरी पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. नागपंचमीनंतरच्या रविवारी तुमच्याकडे कानबाई बसणार, भाऊबंद गोळा होणार, पुण्या-सुरतेहून माणसं येणार, रात्रभर गाणी, एकाच खोलीत पंचवीस जण. गेल्या वर्षी नेमकं तेव्हाच झालं ना? दुकानदाराच्या सल्ल्यात हा हिशेब कुठेच नाही. महिनाभर थांबून जो फायदा मिळेल की नाही याचीच खात्री नाही, त्यासाठी हंगामाचा पहिला महिना नक्की हातचा जातो.

आता गंमत अशी की दुकानदार अगदीच हवेत बोललेला नाही. तुमच्या दिरांनी धाडलेल्या मजकुराच्या मागेही काही तरी आहे. ते काय आहे आणि कुठे संपतं, हे तुम्हाला कळलं तर पुढच्या वर्षी कोणी नवीन डबी दाखवली तरी गोंधळ होणार नाही.

आपल्या शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या भोवती असतो. तिथे राहणाऱ्या अब्जावधी जिवाणूंशी त्यांची रोजची ओळख-परेड चालते. शत्रू कोण, घरचा कोण, हे त्या तिथे शिकतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की आतड्यात जिवाणूच नसतील तर फ्लूच्या लसीला मिळणारा प्रतिसाद ढेपाळतो. मग २०१९ मध्ये माणसांवर प्रयोग झाला. निरोगी तरुणांना लसीच्या आगेमागे पाच दिवस जबर अँटिबायोटिक्स दिली. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची संख्या दहा हजार पटींनी घसरली. त्यांपैकी ज्यांच्या अंगात फ्लूविरुद्धची जुनी प्रतिपिंडं आधीच कमी होती, त्यांच्यात लसीनंतर एच१एन१ या फ्लूच्या एका प्रकाराविरुद्धचा प्रतिसाद कमी पडला. ज्यांच्याकडे जुनी शिदोरी होती, त्यांना फारसा फरक पडला नाही.

म्हणजे पोटातले जिवाणू आणि लस यांचं नातं खरं आहे. पण जिवाणू मारले तर लस कमजोर पडू शकते, यावरून वरून आणखी जिवाणू गिळले तर लस जोरदार होईल असं सिद्ध होत नाही. विहीर आटली तर कपाशी वाळते. विहीर तुडुंब असताना आणखी चार टँकर ओतले म्हणून बोंडं दुप्पट लागत नाहीत.

टँकर ओतून पाहिलेत लोकांनी. फ्रान्समध्ये सत्तरीपुढच्या लोकांना दिवसातून दोनदा एक आंबवलेलं दुधाचं पेय दिलं, त्यात लॅक्टोबॅसिलस केसेई नावाच्या जिवाणूचा एक ठरावीक वाण होता. आधी ८६ जण, पुढच्या हंगामात २२२. लसीनंतर बी प्रकारच्या फ्लूविरुद्धची प्रतिपिंडं त्यांच्यात जास्त दिसली. २०१७ आणि २०१८ मध्ये अशा छोट्या-छोट्या चाचण्या एकत्र करून पाहणारे दोन आढावे निघाले, त्यांचाही सूर साधारण ‘थोडा फायदा दिसतो’ असाच. तुमच्या दिरांनी धाडलेला मजकूर बहुधा इथूनच निघालाय.

पण बेल्जियममध्ये अँटवर्प प्रांतातल्या वृद्धाश्रमांत ७३७ आजी-आजोबांवर चाचणी झाली. केसेईचाच, पण दुसरा वाण, सुमारे सहा महिने. प्रतिपिंडांत फरक नाही, सर्दी-खोकल्यातही नाही. २०१५ मध्ये डेन्मार्क आणि जर्मनीत ११०४ निरोगी प्रौढांवर आणखी एका वाणाची चाचणी झाली. लसीच्या प्रतिसादात काही फरक पडला नाही, सर्दीचा त्रास मात्र थोडा लवकर आटोपला. या दोन्ही मोठ्या चाचण्या. माझा अनुभव असा की छोट्या चाचणीतला चमत्कार मोठ्या चाचणीत पुष्कळदा पाणी होतो. शेतातही तसंच असतं. दोन वाफ्यांत जोरात आलेलं बियाणं चार एकरात कसं येतं, ते पाहिल्याशिवाय शहाणा माणूस कर्ज काढत नाही.

आणखी एक पाहा. अमेरिकेतल्या एका चाचणीत ऱ्हॅम्नोसस नावाच्या जिवाणूच्या ‘जीजी’ या वाणाने छान आकडा दिला. एच३एन२ या फ्लूच्या दुसऱ्या एका प्रकाराविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडं कॅप्सूल घेणाऱ्या ८४ टक्के लोकांत, नुसती खोटी गोळी घेणाऱ्या ५५ टक्के लोकांत. जाहिरातीला किती झकास! पण ती लस नाकात फवारायची जिवंत लस होती, दंडावर टोचायची नव्हे. भाग घेणारे जेमतेम चाळीस जण, सगळे तरुण आणि निरोगी. आणि लसीतल्या बाकीच्या विषाणूंविरुद्ध तसा फरक आला नाही. नानांना दंडावर मृत विषाणूंची लस मिळणार, नाना ७४ वर्षांचे, मधुमेही. तो आकडा त्यांचा नाहीच.

या साऱ्या चाचण्यांमध्ये मुख्यतः मोजलं काय, तर रक्तातली प्रतिपिंडं. तुम्हाला मात्र प्रतिपिंडं मोजायची नाहीत, तुम्हाला नाना पुन्हा दवाखान्यात जायला नकोत. या दोन गोष्टी जवळच्या आहेत, पण एकच नाहीत.

आता आईंच्या, म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या, दह्याकडे येते. इथे मला जरा रेंगाळू द्या, हा माझा आवडता धडा होता.

दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी सांगायची, उद्या येताना घरचं दही आणा. सकाळी प्रयोगशाळेत टेबलावर स्टीलच्या डब्यांची रांग लागायची. कोणी यावलहून बसने यायचं, डबी रुमालात घट्ट बांधलेली, तरी बस्त्यात चार थेंब सांडलेलेच. काचपट्टीवर दह्याचा ठिपका, पातळ लेप, वाळवायचा, स्निग्धांश धुऊन काढायचा, मग मिथिलीन ब्लू ओतायचं. तेलाचा थेंब टाकून सर्वांत मोठ्या भिंगाखाली पाहिलं की निळे मणी माळेत ओवल्यासारखे दिसायचे. ते गोल जिवाणू. त्यांच्यामध्ये पडलेल्या काडेपेटीच्या काड्यांसारखे लांबट. एका डबीत माळाच माळा, काड्या नावाला. शेजारच्या डबीत काड्यांचा ढीग. वसतिगृहाच्या मेसच्या दह्यात तर एकदा फुटवे फुटलेल्या अंडाकृती पेशीच जास्त, म्हणजे यीस्ट. त्या मुलाचा चेहरा अजून आठवतो. तो म्हणाला, ‘मॅडम, हे आम्ही रोज खातो!’ वर्ग हसला. मीही हसले, पण त्याला सांगितलं, मेसवाल्याला विरजण बदलायला सांग.

एकाच जातीचं दूध, एकाच गावचं पाणी, तरी दोन घरांच्या दह्यात तेच जिवाणू नाहीत. एकाच घरातही नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा दुपारी लावलेलं विरजण संध्याकाळपर्यंत आंबट ढाण होतं. डिसेंबरात डबा गोधडीत गुंडाळून ठेवावा लागतो. ऊन बदललं की भांड्यातली वस्तीही बदलते.

म्हणून शास्त्र दह्याला सरसकट प्रोबायोटिक म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये व्याख्या केली, तिचा मथितार्थ असा: जिवंत जिवाणू, पुरेशा मात्रेत, आणि घेणाऱ्याला आरोग्याचा फायदा करून देणारे. जिवंत तर दह्यात आहेत. पण कोणते, किती आणि कशाचा फायदा, हे आईंच्या भांड्याबद्दल कोणालाच सांगता येणार नाही. लसीच्या चाचण्यांत वापरले ते वाण नेमके ओळखून, मोजून दिलेले होते. आईंचं दही त्याची जागा घेत नाही.

पण म्हणून आईंचं म्हणणं चूक ठरत नाही. त्या म्हणतात, वेगळं काय त्यात? उलट बाजूने तोच प्रश्न कॅप्सूललाही विचारता येतो. फ्लूच्या लसीसाठी म्हणून दुकानातल्या त्या डबीने काय सिद्ध केलंय? डबी उलटी करून पाहा. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये प्रोबायोटिक पदार्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लेबलावर जिवाणूचं कुळ, जात आणि वाण लिहिलेला असावा, मुदत संपेपर्यंत जिवंत किती राहतील तो आकडा असावा, असं त्यात आहे. ज्वारी म्हणजे ज्वारी नव्हे, मालदांडी की संकरित ते विचारतोच ना आपण? तसंच हे. डबीवर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ असेल आणि पुढे वाणाचं नाव किंवा क्रमांक नसेल, तर कोणत्या चाचणीशी त्याचं नातं लावायचं? शिवाय जिवंत माल आहे. ‘थंड जागी ठेवा’ लिहिलेली डबी मालवाहू गाडीत आणि नंतर पत्र्याच्या दुकानात खानदेशी उन्हाळा काढून आली असेल, तर आत जिवंत किती उरले, हे दुकानदारालाही माहीत नसतं.

कॅप्सूल घेतलीच तर धोका काय? बहुतेक निरोगी माणसांना फारसा नाही, सुरुवातीला पोट फुगतं, वायू होतो, मग बसतं. पण केमोथेरपी चालू असलेले, अवयव रोपण झालेले, जास्त मात्रेत स्टेरॉइड घेणारे, मोठ्या शिरेत नळी बसवलेले किंवा अतिदक्षता विभागातून नुकतेच बाहेर आलेले रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कॅप्सूल घेऊ नये. जिवंत जिवाणू रक्तात उतरल्याच्या घटना अशा रुग्णांत झालेल्या आहेत. आईंना दम्यासाठी पोटात स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्याबद्दलही आधी विचारा.

माझं मत सांगते. साडेचार हजार तुमच्याकडे सहज बाजूला पडणारे असते, नानांना कॅप्सूलची हौस असती आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नसती, तर मी म्हटलं असतं, लस आजच घ्या आणि त्याच दिवसापासून हवी तर कॅप्सूलही सुरू करा. पण तुमचं पत्र वाचून ते पैसे जड जाणार आहेत असं दिसतं. मग तेच पैसे दुसरीकडे वळवा. खासगीत फ्लूची एक लस दीड-दोन हजारांच्या घरात पडते. तुमच्या पत्रात लस फक्त नानांची आहे. आई ६९ वर्षांच्या, दमेकरी, त्यांचं नाव यादीत का नाही? आणि ताई, तुमचं? नानांचं पथ्यपाणी तुम्ही करता, त्यांच्या उशाशी तुम्ही बसता, बाजार तुम्ही करता. घरात फ्लू आला तर पहिल्यांदा तुमच्याच हातून त्यांच्यापर्यंत पोचेल. एका कोर्सच्या पैशात दोन-तीन दंड होतात. आधी सरकारी रुग्णालयात चौकशी करा, जोखमीच्या लोकांसाठी तिथे कधी कधी लस उपलब्ध असते.

आईंच्या सर्दीबद्दल. दंडावर टोचतात त्या लसीत विषाणू मेलेला किंवा त्याचे तुकडे असतात, तो फ्लू देऊ शकत नाही. दंड दुखणं, दिवस-दीड दिवस कणकण, हे होतं. सर्दी देणारे विषाणू मात्र शेकड्यांनी आहेत आणि फ्लूची लस त्यांतल्या फक्त फ्लूवर चालते. लस घेतल्याच्या आठवड्यात दुसऱ्याच कुणाची सर्दी लागली तर बदनामी लसीची होते. त्यांना हे वादात नका सांगू. त्यांच्या वयाच्या, लस घेतलेल्या एखाद्या मैत्रिणीकडून ऐकू द्या, ते लवकर पटतं.

नानांना मात्र खरं सांगा, गोड करून नको. लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही असं नाही. लसीतले विषाणू आणि गावात फिरणारे विषाणू चांगले जुळले त्या वर्षीही डॉक्टरकडे जावं लागण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते, आणि वय वाढलं की प्रतिसाद मंदावतो. ‘मग कशाला घ्यायची?’ असं ते विचारतील. तेव्हा त्यांना जळगावचे आठ दिवस आठवून द्या. झालाच तर तो इतका अंगावर येऊ नये, यासाठी घ्यायची. विषाणू दरवर्षी कात टाकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते वाण घालायचे ते ठरवते. त्यामुळे मागच्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. कोणी म्हणेल, पूर्वीसारखी चार विषाणूंची नाही, तीनचीच मिळाली, फसवलं. तसं नाही. बी प्रकाराची एक शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलीच नाही, म्हणून तिला वगळलंय.

लस कुठे घेता त्याकडे बघा. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवायची असते आणि गोठली तर वाया जाते. एका तालुक्याच्या गावी मी माझ्या डोळ्यांनी लसीची खोकी बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवलेली पाहिलीत, खाली कोल्ड्रिंकच्या बाटल्या. लाईट जाऊन आली की सगळंच देवाच्या भरवशावर. विचारायला लाजू नका: फ्रिजमध्ये तापमापक आहे का, लाईट गेली तर काय करता? ज्याला राग येईल त्याच्याकडे घेऊ नका. प्रोबायोटिकने लसीला बळ द्यायच्या गप्पा नंतर, आधी लस वाया गेलेली नको.

पोटातल्या जिवाणूंसाठी काही करायचंच असेल तर एक बिनपैशाचं काम आहे, आणि माझ्या मते ते कॅप्सूलपेक्षा मोठं आहे. वर अँटिबायोटिक्सचा प्रयोग सांगितला ना? आपल्याकडे नाक वाहायला लागलं की दुकानातून तीन गोळ्यांची पुडी येते, तिच्यात एक अँटिबायोटिक असतंच. सर्दी आणि फ्लू विषाणूंचे, त्यांवर ते चालत नाही. मरतात ते आतड्यातले बिचारे. ती पुडी घरात येऊ देऊ नका. डॉक्टरांनी तपासून अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी, ते सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या.

त्या जिवाणूंचं खाणं तर तुमच्या चुलीवरच आहे. कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची, सालासकट डाळी, कांदा-लसूण, अंबाडीची भाजी. त्यांना तंतू लागतात. दही-ताकही चालू द्या, त्यात प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे, नानांना आवडतं, एवढी कारणं पुरे आहेत. ते लसीचं औषध म्हणून द्यायची गरज नाही.

दोन बारीक गोष्टी, फुकटच्या. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला ६५ वर्षांपुढच्या २७६ लोकांना काहींना सकाळी ९ ते ११ आणि काहींना दुपारी ३ ते ५ या वेळात फ्लूची लस दिली. महिन्याने पाहिलं तर तीनपैकी दोन विषाणूंविरुद्ध सकाळवाल्यांची प्रतिपिंडं जास्त होती. एकाच अभ्यासावर मी छाती ठोकून बोलणार नाही, पण सकाळी गेलं तर बिघडतं काय, ऊनही कमी. आणि अमेरिकेत तरुण मुलांना चार रात्री चारच तास झोपू देऊन मग लस दिली, तर दहाव्या दिवशी त्यांची प्रतिपिंडं नीट झोपलेल्यांच्या निम्म्याहून कमी भरली. नाना पहाटे पाण्याची मोटार चालू करायला उठत असतील तर त्या आठवड्यात ते काम दुसऱ्याला द्या. नवऱ्याला द्या.

हो, नवऱ्यावरून आठवलं. तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी तीनदा वाचली. दिरांनी मजकूर धाडला, दुकानदाराने डबी दाखवली, नवरा म्हणाला तू ठरव, नाना म्हणाले मला काय होतंय. चौघांनी आपापलं काम संपवलं आणि निर्णय तुमच्या पदरात टाकला, बोल लागण्याच्या तयारीसकट. कॅप्सूलचा मोह मला तिथेच दिसतो. साडेचार हजारांत नानांसाठी ‘सगळं केलं’ म्हणायची सोय विकत मिळते. ते मी समजू शकते, ताई. पण लस ही सुनेने एकटीने ठरवायची गोष्ट नाही. डॉक्टरांकडे नवऱ्याला सोबत घेऊन जा. साखर किती, शेवटची लस कधी, न्यूमोनियाची वेगळी लस असते ती नानांना द्यायची का, मागे कधी लसीची जोराची ॲलर्जी आली होती का, हे त्याच्या समोर विचारा. ठरेल ते त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या. दिरांना फोन करून सांगा, ‘मजकूर वाचला, आता लस आणि गाडीभाडं यांचा अर्धा खर्च धाडा.’ कानबाईला येताना त्यांनीही लस घेऊन यावं, दोन आठवडे आधी. ज्याच्या अंगात कणकण असेल त्याने यंदा लांबूनच हात जोडावेत, देवी रागावत नाही. रोटांचा वाटा नंतर पोचवता येतो.

पत्राच्या कडेला पेन्सिलीने एक प्रश्न होता, बहुधा नानांनी विचारायला लावलेला: लस घेतल्या दिवशी शेवभाजी चालते का? चालते. लसीला पथ्य नाही. तिखटाचं त्यांच्या पोटाशी कितपत जमतं ते तुम्हालाच ठाऊक. तर्री जरा वरवरची काढून वाढा, आणि ताक आईंच्याच विरजणाचं असू द्या.